लाँचने बेटं गाठायची, तर आधी तिथी बघा

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात नवरा-बायको, नऊ आणि सहा वर्षांची दोन मुलं आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. दिवाळीच्या सुट्टीतले पाच दिवस हाताशी आहेत. थायलंडचे व्हिडिओ बघून मुलांनी ‘या बेटावरून त्या बेटावर बोटीने जायचं’ असा धोशा लावलाय. अंदमानचा हिशेब मांडला तर विमानाच्या तिकिटांतच पैसे संपले. गाडी न नेता, खिसा सांभाळून, इथूनच असं काही जमेल का? आणि आखणीला सुरुवात कुठून करायची?

जमेल, आणि चांगलं जमेल. मी बरीच वर्षं ठाण्याहून छोट्या गटांना घेऊन रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्याने फिरतो. बहुतेकांची आखणी उलट्या टोकाने सुरू होते. आधी हॉटेल बुक करतात, मग बोट शोधतात, आणि पाणी चढलंय की उतरलंय हे किनाऱ्यावर उभं राहिल्यावर कळतं. आपल्याकडे धक्क्यावरच्या बोटीचं तिकीट कधीच जड जात नाही. पैसे जातात ते दोन धक्क्यांच्या मधे. लाँच चुकली की एसटी चुकते, एसटी चुकली की मुकाट्याने स्पेशल रिक्षा ठरवावी लागते, आणि अशा दोन रिक्षांत दिवसभराची बचत वाहून जाते. म्हणून आधी पाणी बघा, त्यावरून बोट, बोटीवरून एसटी, आणि खोली सगळ्यात शेवटी.

भरतीचं गणित कोळीवाड्यात पोराटोरांनाही येतं. तिथीला पाऊणाने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. ही वेळ दिवसातून दोनदा येते, आणि प्रत्येक भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकापासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा नेमकी वेळ मोबाईलवरच्या कोष्टकात पडताळून घ्या. पण महिनाभर आधी तारीख ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. त्यात आणखी एक बघायचं, उधाण आहे की भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी भरपूर चढतं आणि भरपूर उतरतं. अष्टमी-नवमीच्या भांगाला ते धड चढत नाही, धड उतरतही नाही. अष्टमीची दुपारी बाराची ओहोटी कागदावर फार सोयीची दिसते, पण त्या दिवशी अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर पाणी हटेलच याची खात्री नसते.

आता तुमच्या सुट्टीला हे लावून बघू. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. तिच्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत ओहोटी सकाळी आठ-नऊला येते, किल्ल्यात चालत जायला झकास वेळ. पण त्याच दिवसांत अर्धी मुंबई आणि सगळं ठाणं अलिबागला असतं, खोल्यांचे भाव गगनाला भिडतात. तेवढा मोह टाळा. आठवडाभर थांबा आणि कार्तिकी एकादशीच्या आसपास निघा. सुट्टी बहुतेक शाळांची चालू असते, गर्दी मात्र ओसरलेली असते. पाण्याच्या दृष्टीने तर हे दिवस सोन्यासारखे. एकादशीला भरती सकाळी सव्वाआठला म्हणजे लाँचला भरपूर पाणी, आणि ओहोटी दुपारी अडीचच्या सुमाराला म्हणजे पोहोचल्या दिवशीच किल्ला चालत. सासूबाईंना तुळशीच्या लग्नाची काळजी असेल, तर पाचवा दिवस पौर्णिमेच्या आसपासच येतो, घरी येऊन लग्न लावता येईल. एकादशीचा उपास मोडू नये म्हणून साबुदाण्याची खिचडी डब्यात घ्या. अलिबागला मिळते, पण वाट बघत बसण्यापेक्षा डबा बरा.

वाराकडेही लक्ष द्या. सोमवारी किंवा मंगळवारी निघून शुक्रवार-शनिवारी परत. तिथी आणि वार दोन्ही जुळतीलच असं नाही. नाही जुळले तर वार सांभाळा, तिथी एक-दोन दिवस मागेपुढे झालेली चालते. त्याच घराची तीच खोली शनिवारी ज्या भावाने मिळते, त्याच्या निम्म्या-पाऊण भावात मंगळवारी मिळते, आणि तीही घासाघीस न करता.

पहिला दिवस. ठाण्याची माणसं सीएसएमटीला जाऊन गेटवेहून मांडव्याची बोट धरतात. ती सोय चांगलीच आहे, कारण त्या बोटींच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस येते. पण ऐरोलीच्या माणसाने मुंबईला उलटं कशाला जायचं? ट्रान्स-हार्बरने नेरुळ, तिथून उरणची लोकल. खारकोपर ते उरण हा टप्पा जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून हा सगळ्यात स्वस्त रस्ता झालाय, आणि अजून फार जणांच्या तो डोक्यात येत नाही. उरणच्या गाड्या कमी आहेत, तेव्हा वेळापत्रक बघूनच घर सोडा. उरण स्टेशनहून करंजा धक्क्यापर्यंत रिक्षा, आणि करंज्याहून रेवसची लाँच. खाडी ओलांडायला जेमतेम पाव तास लागतो. रस्त्याने हेच अंतर वडखळचा वळसा घालून तासांवर जातं. तिकीट चहा-वड्याच्या पैशांत. रेवसला उतरलात की अलिबागची एसटी किंवा सहा आसनी मिनीडोर रिक्षा.

एक सूचना. रेवस आणि उरणचं मोरा ही गाळाची बंदरं आहेत. मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागू शकत नाही, फेऱ्या लांबतात किंवा रद्द होतात. भाऊच्या धक्क्याहून मोऱ्याला किंवा रेवसला जाणाऱ्या लाँचनाही हाच त्रास. म्हणून सकाळची भरती निवडली. रेवस–करंजा पुलाचं काम सुरू आहे. तो झाला की रस्ता सोपा होईल, पण मुलांचा पहिलावहिला खाडीप्रवास जाईल, तेव्हा आताच करून घ्या.

गाडी नेऊ का, हा प्रश्न नवरे मंडळी हमखास विचारतात. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला २०२० पासून रो-रो आहे, गाडीसकट तासाभरात पोहोचवते. सोय उत्तम, पण बजेटची सहल म्हणत असाल तर गाडीचं तिकीट, पेट्रोल आणि मुक्कामी पार्किंगची कटकट मिळून जो आकडा होतो, त्यात तुमचं सगळ्यांचं एसटीचं फिरणं होऊन वर पैसे उरतील.

कारण एसटीचा हिशेब तुमच्या कुटुंबासाठी फारच गोड आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं. सासूबाई तर दोन्ही सवलतींत बसतात, अर्थात अर्धं एकदाच मिळतं. म्हणजे पाच माणसांची मिळून तीन पूर्ण तिकिटं. कुणी तुम्हाला ‘आवडेल तेथे प्रवास’चा चार दिवसांचा पास सुचवेल. तो पंढरपूर-अक्कलकोट-तुळजापूर असा लांबचा फेरा मारणाऱ्यांसाठी आहे. इथे टप्पे छोटे आहेत आणि चौघांना आधीच सवलत आहे, त्यामुळे पासाचे पैसे वसूल होत नाहीत.

अलिबागला सामान टाकून दुपारी दीडच्या सुमाराला किनाऱ्यावर या. कुलाबा किल्ला समोर दिसतो, आणि पाणी हटलं की ओल्या वाळूतून, खडकांतून चालत जाता येतं. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये याचं बांधकाम सुरू केलं, पुढे आंग्र्यांचं हे मुख्य ठाणं झालं. आतलं गणपतीचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असून आत गोड्या पाण्याचा साठा आहे. मुलांना हे कोडं घालून ठेवा. सासूबाईंना खडकांतून चालवत नसेल तर ओहोटीला घोडागाड्या किल्ल्यापर्यंत जातात, भाडं आधी ठरवून घ्या. पूर्ण ओहोटीच्या आधी तासभर निघायचं आणि नंतर तासभरात परत किनाऱ्याला यायचं. ‘अजून एक फोटो’ म्हणत रेंगाळणाऱ्यांना परत यायला होडी शोधावी लागते. मुक्काम अलिबागलाच.

अलिबागजवळ थळच्या समोर खांदेरी-उंदेरी हे जोडकिल्ले आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात जे बारा मराठा किल्ले गेले, त्यात खांदेरी आहे. १६७९ मध्ये महाराजांनी तो बांधायला घेतला, मुंबईकर इंग्रजांच्या नाकावर टिच्चून. वेताळाचं देऊळ आणि १८६७ चं दीपगृह बघण्यासारखं आहे. पण थळहून अख्खी होडी ठरवावी लागते, पाच माणसांत ती महाग पडते आणि चढउतारही सोपी नाही. या वेळी थळच्या किनाऱ्यावरून बघा. पुढे कधी आठ-दहा जणांचा गट झाला तर जा.

दुसऱ्या दिवशी आरामात नाश्ता करून मुरुडची एसटी. साधारण पन्नास किलोमीटर, रेवदंडा, काशीद, नांदगाव करत. काशीदला उतरायचा मोह होईल. उतरू नका. पाच माणसं, बोचकी आणि पुढची बस कधी याचा पत्ता नाही, हे जमणारं गणित नाही. मुरुडचा किनारा काही कमी नाही, आणि तिथून समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. मुरुडला दोन रात्री राहा. रोज नवं गाव, नवी खोली, नवी उशी हा प्रकार मुलांना आणि म्हाताऱ्यांना दोघांनाही सोसत नाही, आणि एकाच घरी दोन रात्री राहणाऱ्याला खोलीवाले भावही बरा देतात.

तिसऱ्या दिवशी जंजिरा. मुरुडहून राजपुरीला रिक्षाने जायचं, तिथून शिडाची होडी. सकाळी लवकर जा, त्याला तीन कारणं. एक, सकाळी समुद्र निवांत असतो, दुपारी खारे वारे सुटले की लाटा उठतात आणि होडी हलते. कोकणातली कुठलीही बोट शक्यतो सकाळीच धरायची, हा माझा नियम आहे. दोन, होडी भरल्याशिवाय सुटत नाही, आणि सकाळी गर्दी यायला लागल्यावर ती लवकर भरते. तीन, त्रयोदशीला भरती पावणेदहाच्या आसपास. भरतीत होडी दरवाजाशी वरच्या कोरड्या पायरीला लागते, ओहोटीला खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. हा किल्ल्यात पाय टाकायचा क्षण हीच सगळ्या सहलीतली खरी अवघड जागा. होडी वरखाली होत असते, होडीवाला हाताला धरून ओढून घेतो. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांनी राजपुरीच्या धक्क्यावर सावलीत बसणंच बरं, आणि त्यात कमीपणा काही नाही. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेत होड्या बंद असतात, हेही आखणीत धरा.

किल्ल्यात होडीवाले पाऊण तासच थांबतात. तेवढ्यात सगळं होत नाही. कलाल बांगडी तोफ, गोड्या पाण्याचे तलाव आणि बुरुजावरून दिसणारा समुद्र एवढं पुरे. सिद्दीच्या या किल्ल्यासाठी मराठ्यांनी किती वेळा झटून पाहिलं आणि तो का मिळाला नाही, ही गोष्ट मुलांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा, म्हणजे तिथे गेल्यावर ती भिंतीच बघतील, मोबाईल नाही.

चौथ्या दिवशी पलीकडे. राजपुरीहून दिघीला माणसांची लाँच जाते, आणि आगरदांड्याहून दिघीला गाड्यांची फेरीबोट. पायी माणसांना दोन्ही चालतात, जी आधी सुटेल ती धरा. दिघीला उतरल्यावर खरी परीक्षा. तिथून थेट दिवेआगरची एसटी आपल्या सोयीने मिळेल याच्या भरवशावर राहू नका. बोर्ली पंचतन हे त्या भागातलं गाड्यांचं नाकं. दिघीहून बोर्लीपर्यंत एसटी किंवा सहा आसनी, आणि बोर्लीहून दिवेआगर अगदी जवळ, रिक्षाने. फेरीतून उतरणाऱ्या गर्दीसोबतच बाहेर पडा. सीटवाल्या गाड्या त्याच वेळी भरतात. चहा घेत बसलात तर मागे उरते ती स्पेशल.

दिवेआगरला हॉटेल बघू नका, वाडीतलं घर बघा. पोफळीच्या बागेत दोन खोल्या, पुढे ओटी, आणि जेवण त्याच घरात. बोटीचा भाग इथे संपला. संध्याकाळ किनाऱ्यावर, सकाळी सुवर्णगणेशाचं देऊळ. संकष्टीला इथे गर्दी उसळते, तुमच्या तारखांना ती अडचण नाही. परतीला बोर्लीहून किंवा श्रीवर्धनहून म्हसळा-माणगावमार्गे पनवेलकडे जाणारी एसटी, आणि पनवेलहून ट्रान्स-हार्बर लोकल थेट ऐरोली. सकाळचीच गाडी धरा. मुंबई-गोवा महामार्गावर सुट्टीतल्या संध्याकाळी काय होतं हे ऐरोलीकरांना मी सांगायला नको.

प्रवासाचा सगळा खर्च, म्हणजे लोकल, लाँच, होडी, एसटी आणि मधल्या रिक्षा, हा पाच जणांचा मिळून अलिबागच्या बऱ्यापैकी रिसॉर्टच्या शनिवारच्या एका रात्रीपेक्षा कमी येतो. किल्ल्यांवर पुरातत्त्व खात्याचं तिकीट पंधरा वर्षांखालच्या मुलांना नसतं. उरतं राहणं आणि जेवण. जेवणात पैसे कुठे जातात सांगतो: पापलेट आणि सुरमई. ‘फिश थाळी’ म्हणून बसायचं आणि वर एक-एक पापलेट फ्राय मागवायचं, तिथे बिल दुप्पट होतं. बांगडा, मांदेली, ओले बोंबील मागा. ताजे असतात, आणि खानावळीतली बाई तेच स्वतःच्या घरी करते म्हणून चवीला जास्त चांगले उतरतात. भाव आधी विचारायला लाजू नका.

निघण्याआधी एखाद्या रविवारी घारापुरी करून घ्या. सोमवारी लेणी बंद असतात. गेटवेहून बोटीने तासाभराचा प्रवास, लेण्यांचं तिकीट मोठ्यांना माणशी ४० रुपये (बोटीचं वेगळं), लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत. पण मी ती सुचवतोय ती रंगीत तालीम म्हणून. कोणाला बोट लागते, सासूबाईंना हलत्या बोटीत चढता येतं का, मुलं किती वेळ एका जागी बसतात, हे सगळं एका दिवसात कळतं, आणि त्यावरून जंजिऱ्याचा निर्णय घेता येतो. बोट लागणाऱ्याने उपाशीपोटी बसू नये आणि टम्म जेवूनही बसू नये. बोटीच्या मध्यावर, वाऱ्याला, नजर लांब क्षितिजावर. मोबाईल खिशात. आलेपाक तोंडात धरला तर बरं वाटतं. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, विशेषतः सहा वर्षांच्या मुलाला. थंडीत बोटीमागे कुरव पक्ष्यांचे थवे लागतात, त्यांना वेफर्स आणि शेव भरवू नका. सगळे भरवतात, म्हणून सांगतोय.

लाइफ जॅकेटबद्दल मी कडक आहे. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, माणसं गेली. मोठी बोट असो की राजपुरीची होडी, जॅकेट मागून घ्यायचं, मुलांच्या मापाचं आहे का बघायचं, आणि बसण्याआधी घालायचं. ‘दहा मिनिटांचा तर रस्ता, कशाला’ असं कोणी म्हणालं तर हसून मान हलवा आणि घाला. बोट डोळ्यांदेखत जास्त भरली तर खुशाल पुढच्या फेरीने जा.

अंदमानचं स्वप्न सोडू नका, फक्त वेगळं ठेवा. तिथेही स्वराज द्वीप आणि शहीद द्वीपला जायला सरकारी बोट आणि खासगी जलद बोट यांच्या भाड्यात मोठा फरक असतो, आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवावा लागतो. त्यापेक्षा जवळचा आणि स्वस्त पुढचा टप्पा हवा असेल तर मालवण. ठाण्याहून किंवा पनवेलहून रात्रीची कोकण रेल्वे, सकाळी कुडाळ, तिथून एसटी. सिंधुदुर्ग किल्ल्याला होडी धक्क्यावरूनच मिळते. पण हे याच पाच दिवसांत कोंबू नका. हरिहरेश्वरहून बागमांडला-वेसवी फेरीने बाणकोटची खाडी ओलांडून वेळास, केळशी, आंजर्ले करत हर्णैचा सुवर्णदुर्ग, हाही फार सुंदर रस्ता आहे, आणि त्यालाही स्वतंत्र चार दिवस द्यायला हवेत. जून ते ऑगस्टमध्ये यातलं काहीच धरू नका. बऱ्याच लाँच आणि किल्ल्यांच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात.

सामान पाठीवरच्या पिशव्यांत भरा. चाकांच्या बॅगा धक्क्याच्या पायऱ्यांवर आणि होडीत डोकेदुखी होतात. पायात पट्ट्याच्या चपला, जुन्या. मोबाईलने पैसे सगळीकडे देता येतात असं आपण धरून चालतो, पण धक्क्यावर रेंज गेली की सुटे पैसेच कामाला येतात, दहा-वीस-पन्नासच्या नोटा वेगळ्या ठेवा. सासूबाईंचं आधार कार्ड जवळ असू द्या, एसटीत वाहक विचारतो. आणि प्रत्येक मुक्कामी पोहोचलात की घरमालकाला पहिला प्रश्न जेवणाचा नको, उद्याच्या लाँचचा विचारा: पहिली फेरी किती वाजता, शेवटची किती वाजता, आणि आज कुठली रद्द झाली होती का. त्याला हे तोंडपाठ असतं, आणि धक्क्यावर टांगलेल्या फलकापेक्षा त्याचं उत्तर जास्त ताजं असतं.